कार्यकर्ता बदलतो, देणगी संपते. बांध कोण राखणार?

गावात पर्यावरणाचे काम करणारी एखादी लहान संस्था येते. चार-पाच तरुण मुले आणि एक मोटारसायकल, एवढाच त्यांचा संसार. माथ्यावर समतल चर खणले जातात, नाल्यावर बांध पडतात, गायरानात रोपे लागतात. दोन-तीन वर्षांत त्या मुलांचा गावाला लळा लागतो. मग एक दिवस कळते, की आपला कार्यकर्ता नोकरी सोडून गेला. नवा माणूस येतो, पण कोणत्या गटात काय काम झाले हे त्याला ठाऊक नसते. पुढचा उन्हाळा येतो तेव्हा रोपांना पाणी घालणारा कोणी नसतो, आणि मोकाट शेळ्यांना राखणारेही कोणी नसते.

यात त्या मुलांचा दोष थोडा. पगार देणगीवर आणि देणगी कामाच्या मुदतीवर. मुदत संपली की पगार थांबतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पैसा येतो कुठून?

पूर्वी परदेशी मदत मोठ्या संस्थेकडे येई व तिच्याकडून लहान संस्थेला मिळे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगीचा कायदा बदलला. एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा देणे बंद झाले. कचेरी व हिशेबनीस यांसारख्या प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. लहान संस्थांना हे जड गेले.

दुसरी वाट कारखान्यांची. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. वाळूज, शेंद्रा येथे मोठे कारखाने असल्याने छत्रपती संभाजीनगरच्या संस्था त्यांच्याकडे जातात. पण हा पैसाही बहुधा ठरावीक कामापुरता असतो. तळे खोदायला दाता मिळतो. पुढे पाच वर्षे गाळ काढायला मिळणे कठीण.

कडवंचीचे उदाहरण

आपल्या शेजारचे, जालना तालुक्यातील कडवंची गाव पाहा. तेथे १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून सुमारे १,९०० हेक्टरवर काम झाले. पैसा जर्मन सरकारचा, तो आला नाबार्डमार्फत. काम उभे केले विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने. २००२ मध्ये प्रकल्प संपला. तरीही २०१२च्या कडक दुष्काळात कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या, कारण प्रकल्प संपला तरी बांध राहिले आणि त्यांत शेतकऱ्यांनी आपल्या शेततळ्यांची भर घातली.

या कार्यक्रमात पहिल्यापासून काही अटी होत्या. गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची, गावची पाणलोट समिती नेमायची आणि देखभालीसाठी निधी राखायचा. शिवाय मंडळाचे खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र जवळच असल्याने सल्ला तुटला नाही. ज्या गावाजवळ असे केंद्र नाही, त्याने तर समिती आणि निधी यांकडे दुप्पट लक्ष द्यावे.

आपण काय करावे?

१. कार्यकर्ता बदलला की जुन्या-नव्या दोघांना ग्रामसभेत बोलवा. चार्ज गावासमोर द्या-घ्यायला सांगा. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. पण बांधावर येणारा माणूस बदलला तर गावाला कोणी कळवीत नाही. ते गावानेच विचारायचे.

२. कामाचा नकाशा, गटवार मोजमाप, रोपांची संख्या आणि खर्चाचा तपशील यांची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवून घ्या.

३. गावातला एक मुलगा व एक सून किंवा लेक पहिल्या दिवसापासून कार्यकर्त्याबरोबर शिकू द्या. बाहेरचा माणूस बदलेल, घरचा राहील.

४. सुगीनंतर घरटी थोडी वर्गणी काढून देखभाल निधी बँकेत ठेवा. खाते दोघांच्या सहीने चालवा, पावती द्या, हिशेब वर्षातून एकदा चावडीवर वाचा.

५. मृगाआधी सर्व बांधांवर फेरी मारा. सांडवा फुटला आहे का, उंदरा-घुशींनी बिळे केली आहेत का ते पाहा. आज चार पाट्या मातीने बुजणारे भगदाड पावसाळ्यात अख्खा बांध घेऊन जाते.

६. नवी संस्था आली तर पहिल्याच बैठकीत विचारा: पैसा किती वर्षांचा आहे? त्यात देखभालीची तरतूद आहे का? तुम्ही गेल्यावर जबाबदारी कोणाची? यात संकोच नको. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही.

देणाऱ्याने दिले, करणाऱ्याने केले. त्यांचे ऋण मानावे. परंतु पाऊस पडतो तो आपल्या शिवारात, आणि माती वाहते तीही आपलीच. गाव करी ते राव न करी. यंदा मृगाआधी ठरलेल्या दिवशी प्रत्येक घरातला एक माणूस बांधावर दिसला, तर दाता कोणीही असो, काम टिकेल.