पाठपुरावा करणारी ताई

भाकरी थापता थापता ऐकत असाल, तर तवा जरा बाजूला ठेवा आणि दहा मिनिटं माझ्याकडे लक्ष द्या. आज मी हप्ता आणि व्याज सांगायला आलेली नाही. दारू सोडवणाऱ्या केंद्रात एक काम असतं, त्याची माहिती सांगायची आहे. त्या कामाला कुणी समुपदेशक म्हणतं, कुणी समाजसेविका, कुणी केस वर्कर. आमच्या गटातल्या बाया म्हणतात 'पाठपुरावा करणारी ताई'.

आधी माझी एक चूक सांगते. आमच्या एका गटातल्या वहिनींनी दोन हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं 'घरखर्च'. खरं कारण बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बाजारात एक जण पुड्या विकत होता. नवऱ्याला न सांगता भाजीत कालवायची, महिन्यात दारू सुटते, असं तो सांगायचा. ठराव मीच लिहिला, सहीही मीच केली.

चौथ्या दिवशी दादा नेहमीसारखे पिऊन आले आणि तासाभरात त्यांचं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, उलट्या थांबेनात. रात्री जीप करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंत?" पुडीवर ना नाव, ना गाव. वहिनी रडत होत्या आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

दादा वाचले. डॉक्टरांनी मग समजावलं की डायसल्फिराम नावाची एक गोळी असते. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीर असंच उलटतं. रक्तदाब एकदम खाली जाऊन जीवही जाऊ शकतो. ती गोळी द्यायची तर डॉक्टरांनी तपासून आणि त्या माणसाला सगळं सांगून, त्याच्या मर्जीनेच द्यायची असते. चोरून कधीच नाही. म्हणून बायांनो, पुडीवाल्याला एक रुपया देऊ नका.

तिथून आम्हाला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात पाठवलं. तिथेच त्या ताईंची भेट झाली. दादांना वाटलं, आता ही बाई उपदेश करणार. ताईंनी उपदेश केला नाही, फक्त विचारत गेल्या. शेवटचं कधी प्यायलात? दिवसाला किती? सकाळी उठल्यावर हात कापतात का? पूर्वी कधी झटका आला होता का? गांजा, झोपेच्या गोळ्या, तंबाखू? कर्ज किती, कुणाचं? घरात हात उचलता का? जीव द्यावासा वाटतो का? सगळं एका फाईलमध्ये लिहून घेतलं.

मला वाटलं, एवढ्या चौकशा कशाला? नंतर कळलं की प्रत्येक प्रश्नामागे काही तरी काम होतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर सहा तासांपासून दिवसभरात हात कापणं, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास होतात, अंगावर किडे फिरताना दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. आपण म्हणतो, बाहेरची बाधा झाली, आणि अंगारा लावत बसतो. खरं तर त्या वेळी रुग्णालय गाठायचं असतं. तिथे योग्य गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. शपथ घालून, खोलीत कोंडून दारू तोडायला जाऊ नका, त्यात माणसं दगावतात. पूर्वी झटका आलाय का, हे ताई पहिल्यांदा विचारतात ते यासाठीच.

शरीरातली दारू उतरायला साधारण आठवडा पुरतो. मनातली उतरायला वर्षं लागतात, आणि ताईंचं खरं काम तिथून सुरू होतं. औषधं डॉक्टर देतात. ताई त्या माणसाच्या आयुष्याचं वेळापत्रक बसवतात. दादांच्या फाईलमध्ये तीन रकाने होते: औषध, घर आणि काम. भेटी आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. दादा कुठल्या दिवशी पितात, हे त्यांनी खोदून विचारलं. उत्तर आलं, शुक्रवारी, बाजारच्या दिवशी, मजुरी हातात पडल्यावर. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी ताईंचा फोन यायचा. "उद्या बाजार आहे, पैसे कोण घेणार, घरी कुठल्या रस्त्याने येणार?" एवढंच बोलणं. पण त्या फोनने किती तरी शुक्रवार निभावून नेले.

एकदा मी समन्वयक म्हणून विचारलं, "दादांचं कसं चाललंय?" ताई हसून म्हणाल्या, "ते त्यांनाच विचारा." फाईलमधलं बाहेर जात नाही, म्हणूनच माणूस खरं बोलतो. आम्हीही तेव्हापासून बैठकीत कुणाच्या घरच्या दारूची चर्चा नावानिशी करत नाही.

वहिनींशी त्या वेगळ्या बोलल्या. "तो पितो यात तुमचा दोष नाही. पण त्याची उधारी तुम्ही फेडू नका, मुकादमाला 'आजारी आहेत' असं खोटं सांगू नका. आणि मारहाण होत असेल, तर आधी तुमचा जीव, मग त्याचा उपचार." त्यासाठी १८१ आणि ११२ हे नंबर आहेत, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही आहे. मग त्यांनी वहिनींना विचारलं, "आणि तुमची मिश्री दिवसातून किती वेळा?" वहिनी गप्पच झाल्या. मीही पदर तोंडाला लावला, कारण माझीही होतीच.

सात महिन्यांनी पुतण्याच्या हळदीत दादा पुन्हा प्यायले. वहिनी म्हणाल्या, "सगळं पाण्यात गेलं." ताई म्हणाल्या, "घसरला, पण पायरीवरच आहे. उद्या घेऊन या." दमा जसा बरा होऊन पुन्हा उचल खातो, तसाच हाही आजार आहे. कुठे घसरलो ते शोधायचं आणि त्या जागी कठडा बांधायचा. दादांनी त्या वर्षी पुढच्या लग्नांत पंगत वाढायचं काम अंगावर घेतलं, म्हणजे मांडवामागे जायला सवडच नको.

पुण्याच्या मुक्तांगणचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांचेही गट चालतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभाही अनेक शहरांत आणि तालुक्यांच्या गावी भरतात, त्यांना फी नसते. जवळचं केंद्र माहीत नसेल, तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाईनला फोन करा. फोन मोफत आहे.

तुमच्या लेकींना हे काम करावंसं वाटलं, तर पदवीनंतर समाजकार्याचं शिक्षण म्हणजे एमएसडब्ल्यू करता येतं. पुढे मनोविकार समाजकार्याचा खास अभ्यासही आहे. काही केंद्रांत व्यसनातून बाहेर पडलेली माणसंही प्रशिक्षण घेऊन समुपदेशक होतात. पगार फार मोठा नसतो, आणि रात्री-अपरात्री फोन येतात. पण आपल्या गावाकडची भाषा, बाजार, उचल, जत्रा ज्या मुलीला ठाऊक आहे, ती हे काम शहरातल्या मुलीपेक्षा चांगलं करेल.

गट म्हणून आम्ही काय बदललं, ते शेवटी सांगते. दारू सोडवण्यासाठी कर्ज मागितलं, तर आता कारण 'उपचार' असंच लिहितो. पैसे एसटीच्या तिकिटाला आणि बुडालेल्या मजुरीला देतो, पुडीला नाही. पहिल्या भेटीला गटातली एक बाई सोबत जाते. पुढच्या तारखा बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितो, शेजारी नाव लिहीत नाही.

दादांना त्या हळदीनंतर दीड वर्ष झालं. गुरुवारचा फोन आता महिन्यातून एकदाच येतो. वहिनींचे ते दोन हजार व्याजासकट फिटले. तो 'घरखर्च' लिहिलेला ठराव मी वहीतून फाडलेला नाही. नवीन गट बसला की पहिल्या बैठकीत तोच वाचून दाखवते.

पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू. रामराम.