चौघांची तुकडी : सांघिक नेमबाजीच्या खेळातील डावपेच आणि बोलभाषा

प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना पत्र, अहवाल, सूचना, इतिवृत्त या लेखनप्रकारांचा विचार प्रामुख्याने केला जातो. या सर्व प्रकारांत लिहिणाऱ्याला विचार करण्यास, खोडण्यास आणि पुन्हा लिहिण्यास वेळ असतो. प्रस्तुत घटकात मात्र बोलणाऱ्याला दोन सेकंदांचीही सवड मिळत नाही अशा एका भाषाव्यवहाराचा परिचय आपण करून घेणार आहोत. मोबाइलवर चौघा-चौघांच्या तुकड्यांनी खेळल्या जाणाऱ्या लष्करी नेमबाजीच्या खेळात खेळाडू एकमेकांशी जे बोलतात, तो आपला विषय आहे. या खेळात वाक्य चुकले तर तुकडी संपते, आणि वाक्य कसे चुकते याचे उत्तर बहुतेक वेळा व्याकरणात सापडते.

विवेचनासाठी आपण चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. वर्धा नदीच्या परिसरातील कोळसा खाणींचे आणि सिमेंट उद्योगाचे हे गाव आहे. खाणकामाच्या निमित्ताने येथे तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबे स्थायिक झाली. मूळ बोली वऱ्हाडीच्या वळणाची मराठी. त्यामुळे संध्याकाळी एखाद्या कट्ट्यावर चार मुले मोबाइल घेऊन बसली, तर त्यांच्या घरच्या भाषा दोन-तीन असणे अगदी शक्य आहे. खेळ एकच, तुकडी एकच, आणि समज मात्र क्षणात एकसारखी व्हावी लागते.

खेळाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. ‘पबजी मोबाइल’ हा खेळ 2018 मध्ये आला. केंद्र शासनाने 2 सप्टेंबर 2020 रोजी ज्या 118 अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत तो होता. जुलै 2021 मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने भारतात पुन्हा आला, जुलै 2022 मध्ये दुकानांतून काढला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. याच जातीचा ‘इंडस’ हा खेळ पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये बाजारात आणला. अशा खेळांतील मूळ रचना समान असते. अनेक खेळाडू, ‘पबजी’च्या मूळ रचनेत शंभर, एका मोठ्या भूभागावर उतरतात. ‘एरँगल’ हा त्यातील सर्वपरिचित नकाशा आठ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकसत जाते, त्यामुळे कोणालाही एका जागी बसून राहता येत नाही. शेवटी एक तुकडी उरते.

आड, लपण आणि चाल

ज्याने हा खेळ कधी पाहिला नाही त्याची समजूत अशी असते की, ज्याचा नेम चांगला तो जिंकतो. प्रत्यक्षात स्वतंत्रपणे हिंडणारे चार उत्तम नेमबाज, एकत्र चालणाऱ्या चार सामान्य खेळाडूंकडून वारंवार हरतात. याचे कारण पायदळाच्या जुन्या डावपेचांत आहे.

पहिला भेद आड आणि लपण यांतील. खडक, भिंत, जाड झाडाचे खोड ही आड. ती गोळी अडवते. गवत, झुडूप, धूर ही लपण. ती केवळ नजर अडवते. नवखा खेळाडू लपणीला आड समजतो. मोबाइलवरील खेळात तर त्याची आणखी एक फसगत होते. लांबवरचे गवत पडद्यावर काढलेच जात नाही. त्यामुळे गवतात पालथा पडलेला खेळाडू स्वतःला झाकलेला समजतो, आणि दूरच्या टेकडीवरील शत्रूला तो उघड्या माळावर पडलेला दिसतो.

दुसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, डाव म्हणजे मारा आणि चाल यांची जोड. एका आडेपासून दुसऱ्या आडेपर्यंत धावणारा माणूस असहाय असतो. म्हणून दोघे धावतात तेव्हा उरलेले दोघे शत्रूच्या दिशेने गोळीबार चालू ठेवतात. या गोळ्या लागल्याच पाहिजेत असे नाही. शत्रूने डोके वर काढू नये एवढाच त्यांचा हेतू. धावणारे आडेला पोहोचले की भूमिका उलटतात. एरँगलच्या दक्षिणेकडील बेटावर जाणारे पूल ओलांडताना या डावाची खरी परीक्षा होते, कारण पुलाच्या टोकाशी दबा धरून बसलेल्या तुकडीपुढे बगलेने जाण्याची वाटच नसते. घुग्घुसहून वणीकडे जाताना वर्धा ओलांडणाऱ्या कोणालाही हे पटेल: पूल म्हणजे आड नसलेला, दोन्ही बाजूंनी बांधलेला रस्ता.

एकाने रोखून धरावे आणि दुसऱ्याने सरकावे, हे तत्त्व मराठी वाचकाला परके नाही. जुलै 1660 मध्ये पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज विशाळगडाकडे सरकत होते आणि बाजीप्रभू खिंड अडवून उभे होते. महाराज गडावर पोहोचल्याचे तोफांच्या आवाजाने कळवावे असे ठरले होते, अशी परंपरा सांगते. या कथेतील शौर्याविषयी पुष्कळ बोलले जाते. तिच्यातील संकेताविषयी फारसे कोणी बोलत नाही. खिंड केव्हा सोडता येईल हे अडवणाऱ्याला कळलेच नाही, तर अडवण्याला शेवट उरत नाही. खेळातही नेमके हेच होते. मारा करणाऱ्या दोघांना पहिले दोघे पोहोचल्याचे कळले नाही, तर त्यांच्या गोळ्या संपतात.

‘आलो’ म्हणजे कोठे?

येथे आपण मराठीच्या व्याकरणाकडे येतो. घरातून आईने हाक मारली की आपण ‘आलो’ म्हणतो, आणि जागचे हलतही नाही. मराठीत भूतकाळी रूप ताबडतोब घडणार असलेल्या क्रियेसाठी सर्रास वापरले जाते. जेवणाच्या ताटाशी त्यामुळे काही बिघडत नाही. पण समजा, मारा करणाऱ्या खेळाडूने ‘आलात का?’ असे विचारले आणि धावणाऱ्याने निम्म्या वाटेत ‘आलो’ असे उत्तर दिले. विचारणारा तो शब्द पूर्ण क्रियेच्या अर्थाने घेतो, मारा थांबवतो, आणि धावणारा उघड्यावर पडतो.

या ठिकाणी वऱ्हाडी बोली प्रमाण मराठीपेक्षा अधिक काटेकोर ठरते असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ‘येऊन रायलो’ म्हणजे क्रिया चालू आहे, संपलेली नाही. त्यात ‘आलो’मधील संदिग्धता शिरतच नाही. तसेच ‘थांबजो’, ‘पाहाजो’ ही आज्ञार्थी रूपे पुढील काळासाठीची सूचना देतात: आत्ता लगेच नव्हे, वेळ येईल तेव्हा. ‘थांब’ आणि ‘थांबजो’ या दोहोंतील फरक चंद्रपूर-वणी भागातील मुलाला शिकवावा लागत नाही. बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्याने हे उदाहरण अवश्य तपासून पाहावे.

सर्वनामांचीही गोष्ट अशीच आहे. ‘आपण जाऊ’ यात ऐकणारा समाविष्ट असतो. ‘आम्ही जातो’ यात तो वगळला जातो. तुकडी दोन भागांत विभागताना हा भेद फार मोलाचा ठरतो, कारण एका सर्वनामातच ‘तू येथेच थांब’ ही आज्ञा आलेली असते. हिंदीतील ‘हम’ला हे साधत नाही, ‘हम जा रहे हैं’ हे ऐकणाऱ्याने उठायचे की बसायचे, हे त्यालाच ताडावे लागते. तेलुगूत मात्र ‘मनम्’ आणि ‘मेमु’ अशी दोन वेगळी रूपे आहेत. म्हणजे घुग्घुसच्या तुकडीतील तेलुगू घरातील मुलाला मराठी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील अंतर उपजतच कळते. (‘आपण’चा आदरार्थी उपयोगही आहे, परंतु गोळीबार चालू असताना तो कोणी करीत नाही.)

आता वाक्यरचना पाहू. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. ‘त्या टेकडीवरच्या लाल घराच्या मागून दोघे जण आपल्याकडे धावत येत आहेत’ हे वाक्य निर्दोष आहे. पण त्यातील संकट शेवटच्या दोन-तीन शब्दांत कळते. अनुभवी खेळाडू क्रियापदच टाकून देतो: ‘एक नऊ पाच. लाल घर. दोघे.’ मराठीला क्रियापदाविना वाक्य चालते, त्याचा हा पुरेपूर उपयोग आहे. शब्दांचा क्रमही ठरलेला असतो: आधी दिशा, मग खूण, मग संख्या. पायदळात गोळीबाराचा हुकूम देतानाही असाच ठराविक क्रम पाळतात. कोणत्या गटाने, किती अंतरावर, कोणत्या लक्ष्यावर आणि कशा प्रकारे मारा करावयाचा हे त्याच क्रमाने सांगितले जाते. क्रम ठाऊक असला की ऐकणारा पुढच्या शब्दासाठी तयार असतो.

वरील उदाहरणातील ‘एक नऊ पाच’ हा होकायंत्रावरील अंश आहे. तो पडद्याच्या वरच्या कडेला दिसतो. ‘डावीकडे’, ‘तिकडे’, ‘समोर’ हे शब्द बोलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेवर अवलंबून असतात. चौघांची तोंडे चार दिशांना असताना ‘डावीकडे’ हा शब्द चार अर्थांचा होतो. शेतकरी ‘उगवतीकडचा धुरा’ म्हणतो तेव्हा तो हीच अडचण सोडवीत असतो, कारण उगवती सर्वांना एकच. अंश उच्चारताना मात्र मराठी संख्यावाचन आड येते. ‘पंच्याण्णव’ आणि ‘पंचाण्णव’ यांवर वाद घालण्यास वेळ नसतो आणि ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’ घाईत सारखेच ऐकू येतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ऐवजी ‘वीस सात’ असे वाचन सुचवल्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, हे आपणांस आठवत असेल. खेळाडूंनी तो प्रश्न अंक सुटे वाचून केव्हाच निकालात काढला आहे. बरेच जण सरळ इंग्रजी अंक वापरतात.

पदे, शब्द आणि उसनवारी

चौघांत नायक कोणी असावा? सभासदाच्या बखरीत शिवकालीन पायदळाची जी रचना दिली आहे, तिच्यात दहाच्या आसपास पाईकांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी अशी उतरंड आढळते. नाईक आणि हवालदार ही पदनामे आजच्या भारतीय पायदळातही आहेत, आणि तेथील सर्वांत लहान गटही, म्हणजे सेक्शन, साधारण दहा जणांचाच असतो. एका आवाजाच्या टप्प्यात राहू शकतील एवढीच माणसे एका नाईकाकडे, असा याचा साधा अर्थ लावता येईल. खेळातील चौघांच्या तुकडीत पद नसते; ज्याचे बोलणे स्पष्ट, त्याचे ऐकले जाते. वयाने मोठ्या ‘भाऊ’चे ऐकावे की नकाशा नीट वाचणाऱ्या धाकट्याचे, हा पेच प्रत्येक गटाला आपापल्या परीने सोडवावा लागतो.

मराठीत लष्करी शब्दांची वाण नाही. सैन्याच्या आघाडीला बिनी, पिछाडीला चंदावल. खोट्या हालचालीने फसवणे म्हणजे हूल देणे. टेहळणी, दबा, कोंडी, माघार हे शब्द तर रोजच्या वापरात आहेत. ‘बगल’ हा शब्द मात्र पाहण्याजोगा आहे. आज ‘बगल देणे’ म्हणजे टाळणे. रणांगणावर बगल गाठणे म्हणजे शत्रूच्या उघड्या बाजूवर येणे. इतके असूनही मुले ‘कव्हर दे’, ‘स्मोक टाक’, ‘नॉक झालो’, ‘रिव्हाइव्ह कर’ असेच बोलतात. यावर भाषाशुद्धीचे ताशेरे ओढण्यापूर्वी मोर्चा, हवालदार, तोफ, बंदूक हे आपले ‘मराठी’ शब्द कोठून आले ते पाहावे. शिवकाळातच फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. तरीही तोफेचे तोफच राहिले. ‘जायबंदी’ हा देखणा शब्द आहे, पण ‘नॉक’ एका दमात संपतो. याउलट ‘हूल’ हा शब्द इंग्रजी प्रतिशब्दापेक्षा आखूड आणि नेमका असून वापराविना पडून आहे.

नॉक झालेल्या सोबत्याचा प्रश्न सर्वांत अवघड असतो. त्याला उठवण्यास सुमारे दहा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ उठवणाराही निकामी असतो. शत्रू कित्येकदा पडलेल्याला मुद्दाम तसाच ठेवतो, म्हणजे दुसरा धावून येतो. अशा वेळी पडलेल्या खेळाडूने ‘लवकर ये’ असे ओरडायचे, की ‘येऊ नको, दोन शून्य शून्यला एक आहे’ असे सांगायचे? पडलेल्याला शत्रू दिसलेला असतो, म्हणून त्या क्षणी तुकडीतील सर्वांत मौल्यवान माहिती त्याच्याकडेच असते. ‘दिसला’ आणि ‘वाटते’ हा भेद येथे कसोशीने पाळावा लागतो. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणाऱ्यावर तुकडी पुढे विश्वास ठेवीत नाही, मग तो खरे सांगत असला तरी.

हे सर्व ज्या प्रदेशाच्या संदर्भात आपण वाचत आहोत, तेथे जंगलातील पायदळी हालचाल हा केवळ खेळ नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात 1990 मध्ये सी-60 हे पोलिसांचे विशेष पथक उभे राहिले. त्यात स्थानिक तरुण घेण्यामागे त्यांना वाटा ठाऊक असणे आणि गोंडी-माडिया बोलता येणे ही मोठी कारणे होती. 1 मे 2019 रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस शहीद झाले. तेथे दहा सेकंदांत उठवण्याची सोय नसते. पोलीस वा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या, आणि रात्री हाच खेळ खेळणाऱ्या विद्यार्थ्याने ‘नॉक’ हा शब्द कोठे शोभतो आणि कोठे शोभत नाही, याचा विचार स्वतः करावा.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील एखाद्या तुकडीचा खेळ, खेळाडूंची संमती घेऊन, अर्धा तास ऐका. त्यातील वीस वाक्ये जशीच्या तशी, बोलीसह, लिहून घ्या. किती वाक्यांत क्रियापद नाही ते मोजा. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ कोठे आले, ‘आलो’ कोणत्या अर्थाने आले, दिशा कशी सांगितली गेली, याची नोंद करा. एखादा संदेश चुकीचा समजला गेला असल्यास तो प्रसंग दहा ओळींत लिहा, आणि तोच संदेश पाच शब्दांत कसा देता आला असता ते खेळाडूंनाच विचारून त्यांच्या शब्दांत नोंदवा.