बाण नसलेलं धनुष्य

लेझीम कधी नीट निरखून पाहिली आहे? लाकडी दांडी, तिच्या दोन टोकांना जोडलेली साखळी, साखळीत ओवलेल्या लोखंडी चकत्या आणि मधोमध धरायला मूठ. दांडी जरा वाकलेली कल्पून पाहा, समोर धनुष्य उभं राहील! जुन्या तालमींत खरोखरच दोरीऐवजी जड साखळी लावलेलं धनुष्य ताणून पैलवान दंड-खांदे कमवत. इराणमधल्या झुरखाना नावाच्या तालमींत असलंच लोखंडी धनुष्य आजही डोक्यावर धरून डावीकडे-उजवीकडे घुमवतात आणि उंच बैठकीवरचा वादक ढोलावर ताल धरतो. युनेस्कोनं २०१० साली ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे त्या धनुष्याचा बाण गेला, नेम गेला, उरला तो खळखळाट. मराठी माणसानं त्याचाच नाच केला.

जालना जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, भोकरदनकडच्या शाळांना लेझीम नवी नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि मराठवाड्याचा खास असा १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला, की पीटीच्या सरांची शिट्टी आणि हलगीचा ठेका सुरू होतो. चार आवाज, आठ आवाज, मग बैठक, असे लेझमीचे प्रकार चालू होतात. पाहणाऱ्याला वाटतं, पोरं हलगीच्या तालावर नाचताहेत. पण हातातलं वाद्य वाजल्याशिवाय इथे पाऊल पुरं होत नाही. प्रत्येक नाचणारा वादकही असतो.

गंमत पुढेच आहे. हात थांबला तरी चकत्या लगेच थांबत नाहीत. गतीच्या भरात त्या पुढे जातात आणि साखळीला हिसका बसताच एकमेकींवर आपटतात. म्हणजे ठोका हात हलवल्यानं कमी आणि हात झटक्यात थांबवल्यानं जास्त वाजतो. हात ढिला पडला, की एका स्वच्छ ‘छन्’ऐवजी नुसती खुळखुळ होते. लेझीम आपल्या खेळाडूची चुगली तिथल्या तिथे करते.

आता मैदान मोठं करा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. हलगीपासून १०० मीटर लांबच्या रांगेला ठोका जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोके पडत असतील, तर ही अर्ध्या ठोक्याहून मोठी चूक झाली! म्हणून मोठ्या पथकात मागच्यांना कानांपेक्षा पुढच्या रांगेच्या हातांवर भरवसा ठेवावा लागतो. १९ नोव्हेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या एशियाड उद्घाटनात सांगली जिल्ह्यातल्या निमणीचं सुमारे ४०० जणांचं पथक लेझीम खेळलं, तेव्हा त्या प्रचंड स्टेडियममध्ये ताल सांभाळणं किती अवघड असेल, याचा अंदाज करावा.

त्याच्याही आधी, १९३६ साली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जर्मनांना करून दाखवले होते. पण त्यांच्याही कितीतरी आधी मराठी नाच समुद्रापार नेणारे लोक ना खेळाडू होते, ना कलावंत. ते होते एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबायला गेलेले कोकणातले मजूर. त्यांच्याबरोबर जाखडी हा त्यांचा नाच गेला. तिथल्या मराठी कुटुंबांची रोजची बोली क्रेओल झाली, पण गणेशोत्सवात जाखडीचा फेर अजून धरला जातो. भाषा विरळ झाली तरी पायांनी ताल सोडला नाही.

आज लंडन-न्यू जर्सीत गणपतीच्या कार्यक्रमासाठी मुलांना लेझीम शिकवणाऱ्यापुढे वेगळेच प्रश्न असतात. मैदानातला खेळ चहूबाजूंनी पाहिला जातो. रंगमंचावर प्रेक्षक समोरच बसलेले. तेव्हा रांगा तिरक्या करायच्या, बैठका पुढे घ्यायच्या, अर्ध्या तासाचा खेळ पाच मिनिटांत बसवायचा. हलगीचं चामडं आपल्याकडे जाळावर शेकून कडक करतात. तिकडच्या हॉलमध्ये जाळ पेटवला तर आधी आगीचा भोंगा वाजेल! मग फायबरचं पान चालवून घ्यावं लागतं. पोशाख बदलतो, गाणं बदलतं, मोजणीही ‘वन-टू’ होते.

न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे साखळीचा हिसका. जालन्यातले पीटीचे सर स्वतःला नृत्यदिग्दर्शक म्हणवून घेणार नाहीत, पण काम दोघांचं सारखंच. वेगवेगळ्या उंचीच्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या पोरांना एका आवाजावर आणायचं. त्यात अर्धी शिकवणी लेझीमच घेते. मराठीचा गंध नसलेल्या माणसाच्या हाती ती देऊन बघा. ठेका कुठे चुकला, हे त्याला कुणी भाषांतर करून सांगावं लागत नाही.