दांडी मारणाऱ्या मुलामागे एक माणूस

दप्तर घेऊन घरातून निघालेला मुलगा शाळेत पोहोचतोच असे नाही. पहिल्या खेपेस तो वाटेत रेंगाळतो, दुसऱ्या खेपेस पोटदुखीचे निमित्त सांगतो, आणि कोणाच्याच ध्यानात आले नाही असे पाहून तिसऱ्या खेपेस निमित्तही सांगत नाही. आईबापांना वाटते, तो वर्गात आहे. मास्तरांना वाटते, तो घरी आजारी आहे. या दोन समजुतींच्या फटीतून मूल शाळेबाहेर निसटते. पटावरून नाव कमी होते ते फार पुढे.

ही फट बुजविण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी १९९० साली सुरू झाला. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधक व तेथील सरकारी शाळा यांनी तो मिळून आखला आणि त्यास ‘चेक अँड कनेक्ट’, म्हणजे तपासत राहा व नाते जोडा, असे नाव दिले. प्रारंभी तो शिकण्यात किंवा वागणुकीत विशेष अडचणी असलेल्या कुमारवयीन मुलांसाठी होता.

या योजनेत प्रत्येक मुलामागे एक प्रौढ व्यक्ती असते. तिला आरंभी मॉनिटर म्हणत. आपल्याकडे मॉनिटर म्हटला की फळ्यावर गप्पा मारणाऱ्यांची नावे लिहिणारा मुलगा आठवतो. हा मॉनिटर तसा चहाडखोर नव्हे. मुलगा आज आला का, मधलाच तास बुडविला का, कोणत्या विषयात मागे पडतो, याची तो नियमाने नोंद ठेवतो. घसरण दिसली की परीक्षेची वाट न पाहता मुलाला गाठतो, घरच्यांशी बोलतो. मुलाला बसवून घेऊन विचारतो: अडचण काय आहे? मार्ग कोणते आहेत? त्यांतला एक तू निवड, करून बघ, आणि काय घडले ते मला सांग. मुलाने शाळा बदलली तरी तो पाठ सोडत नाही. निदान दोन वर्षे सोबत करण्याचे वचन देऊनच त्याने हे काम पत्करावयाचे असते.

ही मुदत का महत्त्वाची, ते १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून कळते. सातवी-आठवीतील ९४ मुलांना अशी सोबत मिळाली होती. नववीत गेल्यावर चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एकाची सोबत चालू ठेवली, दुसऱ्याची थांबविली. वर्षअखेरीस पहिल्या गटातील ९ टक्के मुलांनी शाळा सोडली होती, दुसऱ्यातील ३० टक्के मुलांनी. दोन वर्षे आधार दिला आणि नववीच्या तोंडावर तो काढून घेतला, एवढाच काय तो फरक!

ही जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात वागणुकीच्या गंभीर अडचणी असलेली १४४ मुले होती. चार वर्षांनंतर सोबत नसलेल्यांपैकी ५८ टक्के गळाली होती. सोबत असलेल्यांपैकीही ३९ टक्के गळालीच. आरंभाचे वयही पाहावे लागते. शिकागो येथील शाळांत पाचवी ते सातवीच्या मुलांची गैरहजेरी वर्षाकाठी सुमारे चार दिवसांनी घटली. पहिली ते चौथीत मात्र ठळक फरक दिसला नाही. बहुधा लहान मूल स्वतः दांडी मारीत नाही, घरच त्याला ठेवून घेते, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. म्हणजे नववीच्या सुमारास, नेमक्या त्याच नाजूक वळणावर, मूल त्या कक्षेबाहेर पडते. खेड्यात पगारी मॉनिटर कोण ठेवणार, असे कोणी म्हणेल. परंतु हजेरीपट शाळेत असतोच, आणि निवृत्त मास्तर, बारावी झालेली शेजारची ताई किंवा एखादे काकाही गावात असतात. आईबापांची व मुख्याध्यापकांची संमती घेऊन यांपैकी एकाने एकाच मुलाची हजेरी दर आठवड्यास शाळेत जाऊन विचारावी, त्या मुलाशी अर्धा तास बोलावे, आणि मुलगा नववीत गेला म्हणून हे थांबवू नये.