तुमचाच कायदा पाळा

राज्यसत्तेला विरोध करणारा माणूस कायदा मोडतो, असे आपण सहज गृहीत धरतो. सोव्हिएत रशियातील असंतुष्टांचा इतिहास वाचताना मला नेमके उलटे चित्र दिसले. तिथे सरकारला कायदा पाळायला सांगणारी माणसेच बंडखोर ठरली.

सप्टेंबर १९६५ मध्ये आंद्रेई सिन्याव्स्की आणि युली डॅनियल या लेखकांना अटक झाली. टोपणनावांनी परदेशात लेखन छापले, हा त्यांचा अपराध. तेव्हा अलेक्झांडर येसेनिन-व्होल्पिन या गणितज्ञाने देशाची राज्यघटनाच पुढे केली. खटले उघडपणे चालावेत, असे तिच्या १११व्या कलमात लिहिले होते. ५ डिसेंबरला, म्हणजे घटनादिनीच, मॉस्कोच्या पुश्किन चौकात काही लोक जमले. राज्यघटनेचा मान राखा आणि खटला खुला चालवा, एवढीच फलकांवरची मागणी होती. पोलिसांनी फलक हिसकावले, काहींना पकडून नेले.

खटला निवडक पासधारकांपुढे चालला. फेब्रुवारी १९६६ मध्ये सिन्याव्स्कींना ७ आणि डॅनियल यांना ५ वर्षे श्रमछावणीची शिक्षा झाली. मग चौकातल्या मागणीने साधले काय?

माझ्या मते, तिने एक रीत घालून दिली. एप्रिल १९६८ पासून ‘चालू घटनांचा वृत्तांत’ या अर्थाच्या नावाचे एक टंकलिखित पत्र गुपचूप फिरू लागले. वाचणाऱ्याने कार्बन लावून नव्या प्रती काढायच्या आणि पुढे द्यायच्या. पहिल्या पानावर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे १९वे कलम, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे. आत नुसत्या नोंदी: कोणाला कधी अटक झाली, कोणते कलम लावले, झडतीत काय नेले. विशेषणे जवळजवळ नाहीत. चूक आढळली, तर पुढच्या अंकात दुरुस्ती. पहिल्या संपादक, कवयित्री नतालिया गोर्बानेव्हस्काया यांना अटकेनंतर मनोरुग्णालयात डांबले गेले. तरी इतरांनी हे काम १९८०च्या दशकापर्यंत चालवले.

१९७५ मध्ये सोव्हिएत संघाने हेलसिंकी करारावर सही करून मानवी हक्कांचा आदर राखण्याचे वचन दिले. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ युरी ऑर्लोव्ह यांच्या पुढाकाराने मॉस्कोत या वचनावर लक्ष ठेवणारा गट उभा राहिला. ऑर्लोव्हही छावणीत गेले.

कायद्याचा आधार घेऊन ही माणसे वाचली नाहीत. पण सरकारने स्वतः लिहून दिलेला शब्द कोणत्या दिवशी, कोणाच्या बाबतीत मोडला, हे त्यांच्यामुळे कागदावर राहिले. त्यांची नावे आज आपल्याला वाचता येतात, ती त्या कार्बन प्रतींमुळेच.