पुलगावच्या कुंपणाबाहेर

३१ मे २०१६. रात्री एकच्या सुमारास देवळी तालुक्यातली आगरगाव, नागझरी ही गावे स्फोटांच्या आवाजाने दचकून उठली. लेकरेबाळे, म्हातारीकोतारी यांना घेऊन माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडून निघाली. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘डेपो’त, एक शेड पेटली होती. आग विझवायला धावलेले अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी तीत होरपळले. मृतांचा आकडा पुढे १९ झाला.

पठाणकोटच्या हवाई तळावरचा हल्ला त्याच वर्षीच्या जानेवारीतला, त्यामुळे घातपाताची शंका आधी आली. चौकशीचा रोख मात्र खराब रणगाडाविरोधी सुरुंगांकडे गेला. त्यांच्यातून टीएनटी पाझरत होते, आणि वर विदर्भातला मे महिना. पण ठिणगी शत्रूने टाकली की निष्काळजीपणाने, याने गावाला काय फरक पडतो? स्फोटाचा दाब दोन्ही वेळी तोच.

या दाबाचा हिशेब ठरलेला आहे. स्फोटके आठपट झाली, तर तेवढाच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो. म्हणून घातपातापासूनचे पहिले संरक्षण बंदूकधारी पहारेकरी नव्हे, मोकळी जागा. त्या रात्री आग एका शेडपुरतीच राहिली. जिवावर उदार होऊन लढलेल्या माणसांचे ते श्रेय आहेच, पण शेडांमध्ये अंतर राखून केलेल्या आखणीचेही आहे. आशियातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांत गणला जाणारा हा डेपो सबंध उडाला असता, तर काय उरले असते, याची कल्पनाही करवत नाही.

अंतराचे हेच महत्त्व हल्ला रोखतानाही दिसते. नागपुरात १ जून २००६ रोजी पहाटे महालातल्या संघ मुख्यालयाकडे निघालेल्या तीन अतिरेक्यांना पोलिसांनी टिपले. इमारतीच्या दारात पोचण्याआधीच त्यांना गाठता आले, हे महत्त्वाचे.

कुंपणाच्या आत लष्कर अंतर राखते. बाहेरचे अंतर कोणाच्या जिवावर? १९०३चा संरक्षण बांधकाम कायदा सरकारला अधिसूचना काढून २००० यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे १८३० मीटरपर्यंत, बंधने घालू देतो. १००० आणि ५०० यार्डांच्या आत ती आणखी कडक होतात. घर, भिंत, बांध यांवर तर बंदी येतेच, झाडांची रांग आणि फळबागही त्यातून सुटत नाही. ही मोकळी जागा कोणाच्या तरी सातबाऱ्यावरची असते, हे इंग्रजांनाही ठाऊक होते. म्हणून त्याच कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. देशाच्या सुरक्षेसाठी शेतकऱ्याने संत्र्याची बाग लावायची नाही, तर तिचे मोल देशानेच द्यायला हवे. यात उपकार कसला?

अंतराने सगळे भागत नाही, हे २० नोव्हेंबर २०१८ला दिसले. डेपोजवळच्या सोनेगाव (आबाजी) शिवारात कालबाह्य दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूरही होते. डेपोवर पोट असलेली माणसे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना आहेत. सुरक्षेचा आराखडा लष्कराच्या कपाटातच राहिला, तर त्यांना तो असून नसल्यासारखा.

असा आराखडा आधीच तयार असावा, म्हणून ब्रिटनने २०२५मध्ये कायदाच केला. मँचेस्टरच्या सभागृहात २०१७ साली झालेल्या स्फोटात मुलगा गमावलेल्या आईने तो लावून धरला होता. २०० किंवा अधिक माणसे जमतील अशा ठिकाणी हल्ला झाला तर लोकांना बाहेर कसे काढायचे, आत कुठे थांबवायचे, कळवायचे कसे, हे आधी ठरवणे आता तिथे बंधनकारक होणार आहे. आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा यायची वाट पाहायला नको. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा आहे. त्यानुसार जिल्हा आराखडा सक्तीचा आहे, आणि जिल्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असतात. लष्कराची गुपिते कोणी मागत नाही. भोंगा कुठे वाजेल, कोणत्या रस्त्याने निघायचे, रात्री गाड्या कोण आणणार, जनावरांचे काय, एवढे तरी गावाला आधी कळायला हवे.

डेपोभोवतालच्या ग्रामसभांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आपल्या गावापुरता आराखडा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागावा.