केपटाऊनला घर राखायला

निवृत्तीनंतर आम्हा दोघांना एक नवाच उद्योग लागला आहे, दुसऱ्यांची घरं राखण्याचा. आधी पुण्यात धाकट्या नणंदेचं घर दीड महिना सांभाळलं, मग बंगळूरला मुलीच्या सासरच्यांचं. भाडं द्यायचं नाही, मोबदला घ्यायचा नाही. झाडांना पाणी घालायचं, कोणी आलं तर दार उघडायचं आणि उरलेल्या वेळात शहर बघायचं. मागच्या वर्षी मात्र बोलावणं आलं ते थेट केपटाऊनहून. ह्यांचा आतेभाऊ आणि त्याची बायको हजला निघाले होते. रायलंड्स भागातलं घर, एक म्हातारी मांजर आणि परसातली लिंबाची झाडं सहा आठवडे कोणाच्या तरी हवाली करायची होती.

केपटाऊनला आतेभाऊ कुठून आला? मोर्ब्यामुळे. माणगाव तालुक्यातल्या मोर्बा आणि आसपासच्या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपली कोकणी मंडळी केपला जात राहिली. भाजी-फळं विकायची, जमलं तर छोटं दुकान टाकायचं. १९१३ च्या कायद्याने नव्या माणसांना दार बंद झालं. आधी स्थायिक झालेल्यांच्या बायकामुलांना तेवढं जाता येई. ह्यांचे आजोबा असेच लहानपणी वडिलांकडे गेले. १९३८ साली गावी येऊन त्यांनी निकाह केला, मुलगा झाला, आणि ते परत गेले. आजी गावातच राहिली. "पुढच्या खेपेला नेतो," हे वाक्य तिने किती वर्षं ऐकलं असेल कोण जाणे. आजोबांनी तिकडे केपमलाय घराण्यातल्या बाईशी दुसरा निकाह केला आणि १९५३ साली सरकारने भारतातून बायकामुलं आणण्यावरही बंदी घातली. मग प्रश्नच मिटला. कायदा जुलमी होता यात शंका नाही. पण त्याच्या आधीची पंधरा वर्षं दार उघडं होतं, हेही आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही.

त्या दुसऱ्या घरातली मुलगी म्हणजे आमची फुफी, वय पंचाहत्तर. १९९३ नंतर भारताशी येणं-जाणं मोकळं झालं तेव्हा मोर्ब्याच्या कोणाकडून तरी पत्ता मिळवून तिनेच पहिलं पत्र पाठवलं होतं. आता ती लेकीकडे राहते, हजला निघालेल्या मुलाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. विमानतळावर ह्यांना बघून ती काही बोललीच नाही. हात धरून गाडीपर्यंत चालत राहिली, एवढंच.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. सवयीने मुसल्ला पश्चिमेकडे अंथरला. केपटाऊनहून किब्ला उत्तरेकडे, थोडा पूर्वेला झुकलेला. तिथे दुपारी सूर्यही उत्तरेलाच असतो. जूनमध्ये तिथे हिवाळा आणि हिवाळ्यातच पाऊस, त्यामुळे मृगाच्या दिवसांत खिडकीबाहेर पाऊस ऐकत चहा घ्यायचा, हे अगदी घरच्यासारखं. फक्त थंडी हाडात शिरते आणि पावणेसहाला मगरिब होते. आणखी एक गोष्ट घरची वाटली. तिथले केपमलाय आपल्यासारखेच शाफई. फजरला इमामाने कुनूत सुरू केली तेव्हा कान टवकारले. इतक्या दूरवर आपल्याच गावच्या मशिदीत उभं असल्यासारखं वाटलं.

हजयात्रेकरू निघायच्या आधी तिथे घरभर माणसं लोटतात. जाणारा सगळ्यांची माफी मागतो, येणारा हातात पैशाचं पाकीट ठेवतो, चुलीवर चहा उतरत नाही. कृपया म्हणायला "कनल्ला", आभाराला "त्रमकासी". दोन दिवसांत आम्हीही तसंच बोलू लागलो. मालक गेल्यावरही आठवडाभर माणसं येत राहिली, आणि त्यांना कुकसिस्टर्स (पाकात घोळून वरून खोबरं भुरभुरलेले मसालेदार वडे) खाऊ घालण्याचं काम आमच्याकडे आलं. घर राखण्याच्या करारात हे नव्हतं. मांजरही फक्त फुफीच्या हातचं खाई.

शहर बघायचं ते पावसाची उघडीप साधून. टेबल माउंटनवर जायला तीनदा निघालो, दोनदा ढगांमुळे पाळणा बंद. तिसऱ्यांदा वर पोहोचलो, १,०६७ मीटरवर, आणि ह्यांना उंचीची भीती असल्याचं लग्नाच्या बेचाळीस वर्षांनी कळलं. पाळण्याची जमीन वर जाताना गोल फिरते. ते डोळे मिटून उभे. रॉबेन आयलंडची बोट लाटांमुळे सुटलीच नाही.

बो-काप मात्र मनसोक्त पाहिलं. चढावावरच्या रंगीत घरांपुढे पर्यटक फोटो काढत असतात. आम्ही डॉर्प स्ट्रीटवरच्या अव्वल मशिदीत बसून होतो. १७९४ सालची ही दक्षिण आफ्रिकेतली पहिली मशीद. तिचे पहिले इमाम तुआन गुरू, इंडोनेशियातल्या तिदोरेहून डचांनी धरून आणलेले कैदी. त्यांनी आठवणीतून लिहून काढलेला कुरआन मशिदीत जपून ठेवला आहे.

डिस्ट्रिक्ट सिक्सला फुफी स्वतः घेऊन गेली. आजोबांचं दुकान तिथे होतं. १९६६ च्या फेब्रुवारीत सरकारने तो भाग गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि पुढच्या काही वर्षांत साठ हजारांवर माणसं उठवली. घरं पाडली, मशिदी आणि चर्च तेवढी ठेवली. आपल्या लोकांना रायलंड्समध्ये पाठवलं, कारण तो 'भारतीयांचा' भाग ठरवलेला. संग्रहालयात जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा आहे आणि जुन्या रहिवाशांनी त्यावर आपापल्या घरांच्या जागी नावं लिहिली आहेत. फुफीने चपलेच्या टोकाने एक कोपरा दाखवला. "इथे." तिथे आजोबांचं नाव नव्हतं. "ते १९७१ मध्ये वारले. लिहायला कोण येणार?" ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने कपाटातून आजोबांचा जुना परवाना काढला, हिंदुस्थानात जाऊन परत येण्यासाठी लागणारा. फोटो, खाली हाताचा ठसा. परवान्याखाली घडी केलेला एक कागद होता, आजीच्या निकाहाचा. मेहेर सव्वाशे रुपये, उधार. फुफी म्हणाली, "मुलगा हजला जाताना सगळी देणी फेडून गेला. हे एकच राहिलं. बाबांनी हे कधी दिलं का?"

आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही "जाऊ द्या, माफ" म्हणून मोकळे होणार होतो, पण ह्यांच्या दोन बहिणीही वारस. महाडला थोरल्या नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. ती निवृत्त शिक्षिका.

"माफ करणारे आपण कोण?" ती म्हणाली. "तो हक्क दादीचा होता आणि तिने माफ केलेलं मला माहीत नाही. ती मरेपर्यंत दुसऱ्यांच्या घरचं भात कांडत होती."

शिवाय हिशेब. १९३८ चा रुपया चांदीचा, एक तोळ्याचा. सव्वाशे रुपये म्हणजे सव्वाशे तोळे. फोनवर शांतता पसरली. आम्हाला अवघडल्यासारखं झालं. ज्यांचं घर राखायला आलो त्यांच्याकडेच उगाही करतोय असं वाटलं. फुफी मात्र मान हलवत होती. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला इमामसाहेबांकडे घेऊन गेली. मेहेर हे कर्ज आहे, रक्कम दोन्ही बाजूंनी राजीखुशीने ठरवा, असं ते म्हणाले. आतेभावाला मक्केत फोन गेला. त्याने थोरलीचा चांदीचा हिशेब एकदा ऐकला आणि हो म्हटलं, घासाघीस नाही.

हाजी परतले तेव्हा विमानतळावर निम्मं रायलंड्स लोटलं होतं. आम्ही चाव्या दिल्या, त्यांनी जमजमचा कॅन आणि पाकीट दिलं. गावी आल्यावर हिश्श्यांप्रमाणे वाटणी झाली. थोरलीने आपल्या वाट्यातून काय केलं, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

फुफीने आजीच्या कबरीचा फोटो मागितला आहे. आमच्या कब्रस्तानात नावाचे दगड नसतात. चाफ्याच्या डाव्या बाजूची तिसरी, एवढंच ह्यांना ठाऊक. सध्या तिथे कमरेइतकं गवत आहे. पाऊस सरला की कापून घेऊ आणि फोटो पाठवू, इन्शाअल्लाह.